म्हणणारे लोक

‘लोक काय म्हणतील?’ या प्रश्नाकडे व्याकरणाच्या अंगाने कोणी फारसे पाहिलेले दिसत नाही. त्यातले क्रियापद नेहमी भविष्यकाळी असते. लोक काय म्हणाले, कोण म्हणाले, कधी म्हणाले, हे विचारण्याची पाळीच येत नाही, कारण प्रश्न उच्चारला गेला की बेत रद्द होतो आणि लोकांना काही म्हणण्याची संधीच उरत नाही. ‘लोक’ हे कर्तापदही मोठे गमतीचे आहे. त्याला नाव नाही, चेहरा नाही, संख्या नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे की नेमके कोण, तर शेजारचे देशपांडे किंवा मामेसासूबाई अशी दोन-तीन नावे निघतात. आणि त्या दोन-तीन माणसांना स्वतःचीच एवढी काळजी असते की, आपल्याविषयी काही म्हणायला त्यांना सवड नसते. दुसरीकडे आपलीच भाषा ‘जनाची नाही तर मनाची तरी बाळग’ असेही बजावते. म्हणजे लाजेची दोन न्यायालये आहेत आणि मनाचे त्यांतले शेवटचे आहे, हे या म्हणीने गृहीत धरलेले आहे. तरीही आपली बहुतेक प्रकरणे जनाच्या न्यायालयातच निकालात निघतात.

या भयावर उपाय सांगणाऱ्या पुस्तकांना तोटा नाही. अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही दुकानात त्यांची एक वेगळी फळीच असते. सकारात्मक विचार करा, स्वतःवर प्रेम करा, लोकांकडे लक्ष देऊ नका, आरशासमोर उभे राहून स्वतःला अमुक वाक्य दहा वेळा ऐकवा. मला या पुस्तकांचा तिटकारा नाही. एखाद्या बुजऱ्या मुलाला त्यांतले एखादे वाक्य धीर देऊन जात असेल तर त्याची थट्टा करण्याचा अधिकार मला नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. ही पुस्तके लोकनिंदेचे भय हा केवळ मनाचा खेळ आहे असे धरून चालतात. मन बदलले की भय गेले. आपल्या समाजाचा इतिहास मात्र असे सांगत नाही. इथे ‘लोक’ नुसते म्हणत नसत, करतही असत.

वाळीत टाकणे ही एक व्यवस्था होती. न्हावी हजामतीला येणार नाही, भटजी श्राद्धाला येणार नाहीत, पंगतीत पान मांडले जाणार नाही, मुलीला स्थळ येणार नाही आणि घरात कोणी गेले तर खांदा द्यायला चार माणसे मिळणार नाहीत. शेवटची धमकी सगळ्यांत परिणामकारक असावी, कारण तिच्यापुढे भलेभले वाकलेले दिसतात. अशा माणसाला आपण काय सांगणार, की आरशासमोर उभा राहा?

१८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटे आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. या प्रसंगाच्या मागे गोपाळराव जोशी होते, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे विक्षिप्त यजमान. पुढे ‘पुणे वैभव’ पत्रात उपस्थितांची नावे छापून आली आणि एका कपाचे प्रकरण शंकराचार्यांपर्यंत जाऊन पोचले. चौकशी झाली, प्रायश्चित्ते झाली. १८९२ साली रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले. सनातन्यांना तेवढ्याने समाधान नव्हते, आणि सुधारक मंडळी तर संतापलीच. ज्याच्याकडे बघून आपण धीर धरला तोच वाकला, अशी त्यांची भावना झाली. रानड्यांनी स्वतःसाठी प्रायश्चित्त घेतले असे मला वाटत नाही. त्यांच्याबरोबर चहाच्या पंक्तीला बसलेले जे सामान्य गृहस्थ होते, ज्यांच्या घरात मुली लग्नाच्या होत्या, त्यांची सुटका व्हावी हा हिशेब त्यात असावा. पण हाच माणूस १८७३ साली, पहिली पत्नी वारल्यावर, वडिलांच्या आग्रहापुढे नमून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न करून मोकळा झाला होता; तेही विधवाविवाहाच्या चळवळीत पुढाकार घेतलेला असताना. त्या वेळी लोक म्हणाले नाहीत असे नाही. भरपूर म्हणाले. गंमत अशी की वडिलांचे मन राखायला जावे तर सुधारकांची निंदा, आणि सुधारकांचे मन राखावे तर वडिलांचा कोप. ‘लोक’ हा एकच समुदाय नसतो, हे रानड्यांइतके कोणाला कळले असेल? बाप, लेक आणि गाढव यांच्या गोष्टीत निदान गाढव तरी एकच होते.

मला या बाबतीत रानड्यांपेक्षा धोंडो केशव कर्वे अधिक उद्बोधक वाटतात, आणि त्याचे कारण असे की निर्भयतेचे जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते त्यात ते बसत नाहीत. त्यांचा स्वभाव संकोची, भिडस्त. सभा गाजवणारे वक्तृत्व नाही. गणिताचे शिक्षक. १८९१ साली पहिली पत्नी राधाबाई वारली आणि त्याच सुमारास ते फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवू लागले. पुन्हा लग्न करायचे तर विधवेशीच, असे त्यांनी ठरवले आणि ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात गोदूबाईंशी विवाह केला. गोदूबाई म्हणजे त्यांचे स्नेही नरहरपंत जोशी यांची बहीण. अगदी लहान वयात वैधव्य आलेली, आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेली.

पुण्यात टीका झाली, पण पुणे मोठे होते. खरी परीक्षा कोकणात मुरूडला होती. गावाने ठराव केला. कर्व्यांबरोबर एका बैठकीवर कोणी बसू नये, आणि ते घरी येऊन राहिले तर त्यांच्या घरच्यांनाही वाळीत टाकावे. या ठरावाची योजना पाहण्यासारखी आहे. ज्याने ‘गुन्हा’ केला तो पुण्यात नोकरीला. त्याला शिक्षा करून गावाला काय मिळणार? म्हणून शिक्षा आईला आणि भावाला. निंदेचे शस्त्र नेहमी असेच चालते. ते ज्याच्यावर रोखलेले असते त्याला न लागता त्याच्या प्रिय माणसाला लागते. ‘माझे मी बघून घेईन, लोक काय म्हणायचे ते म्हणोत’ असे म्हणणारा तरुण आईचा चेहरा आठवला की गप्प होतो, तो भित्रा असतो म्हणून नव्हे.

कर्व्यांनी काय केले? ते मुरूडवर चालून गेले नाहीत, गावकऱ्यांना मूर्ख ठरवणारी पत्रकेही त्यांनी काढली नाहीत. घरच्यांना त्रास होऊ नये इतपत त्यांनी स्वतःला घरापासून दूर ठेवले आणि केलेल्या विवाहाबद्दल मात्र एका शब्दाने माफी मागितली नाही. १८९३ सालीच त्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळीचे काम सुरू केले. आता पुढचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. दोन वर्षांनी या संस्थेचे नाव बदलून ‘विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी’ असे करण्यात आले. नाव उच्चारताना दम लागतो हे खरे, पण त्यामागचा विचार स्वच्छ आहे. ‘उत्तेजन’ म्हटले की तुम्ही विधवांना लग्नाला उद्युक्त करता असा अर्थ होतो, आणि त्या शब्दावर माणसे अडतात. ‘प्रतिबंध निवारण’ म्हटले की, ज्यांना करायचे आहे त्यांच्या वाटेतली अडचण दूर करतो, एवढेच. काम तेच. लोकांच्या म्हणण्यातला जो भाग शब्दापुरता होता तो कर्व्यांनी लोकांना देऊन टाकला, आणि जो भाग कामाच्या गाभ्याला हात घालत होता तो दिला नाही. आजच्या आत्मविश्वासाच्या शिकवण्यांमध्ये हा फरक शिकवत नाहीत. तिथे लोकमताला भीक घालायची नाही असा सरसकट नियम असतो, आणि सरसकट नियम पाळणे कोणालाच जमत नाही.

अर्थात या हिशेबाची किंमत कोणी मोजली, हेही पाहिले पाहिजे. १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्याला गेला. हा आश्रम विधवांच्या शिक्षणासाठी. त्याचा पुनर्विवाहाशी संबंध आहे असा ग्रह झाला तर लोक मुली पाठवणार नाहीत. त्यामुळे स्वतः पुनर्विवाहित असलेल्या पत्नीला आश्रमाच्या कामापासून अंतरावर राहावे लागले. गोदूबाई आता आनंदीबाई झाल्या होत्या, आश्रमाच्या बाया. त्यांचे ‘माझे पुराण’ १९४४ साली प्रसिद्ध झाले. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे. नवऱ्याने आयुष्याच्या विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन टाकली, मुलाबाळांचे काय, हा बाईचा जळफळाट त्यात लपवलेला नाही. आणि तरीही याच बाई आश्रमासाठी दारोदार वर्गणी मागत हिंडल्या. ज्या समाजाने त्यांना पंक्तीतून उठवले त्याच समाजाच्या उंबऱ्यावर उभ्या राहून पैसे मागायचे. कर्व्यांना निदान ‘महर्षी’ म्हणणारे लोक पुढे मिळाले, १९५८ साली भारतरत्न मिळाले. बायांच्या धैर्याला तसा काही किताब नव्हता, आणि लोकनिंदेचा अधिक वाटा तर बाईच्याच पदरात पडतो. विधुराने पुन्हा लग्न केले तर तो सुधारक होतो. पुनर्विवाह करणारी विधवा काय होते, याचा शब्द त्या काळच्या मराठीत होता आणि तो इथे लिहिण्याजोगा नाही.

‘सकारात्मक मानसिकता’ या शब्दाशी या सगळ्यांचा काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. संबंध आहे, पण प्रचलित अर्थाने नाही. आगरकर पाहा. पुण्याच्या लोकांनी जिवंतपणी त्यांच्या प्रतिमेची प्रेतयात्रा काढली. दम्याने पोखरलेला हा माणूस वयाची चाळिशी न गाठताच १८९५ साली गेला. त्याच्या लेखनात आशावाद शोधायला गेले तर फारसा सापडत नाही, संताप मात्र पानोपानी आहे. कर्व्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव तर त्याहून कडवट. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यापायी विल्सन महाविद्यालयातली प्राध्यापकी गेली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते ‘समाजस्वास्थ्य’ चालवत राहिले. मजकूर अश्लील म्हणून खटले झाले, दंड झाले. १९३४ सालच्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली आणि तरीही खटला ते हरले. रघुनाथरावांना समाजाबद्दल कसलाही गोड भ्रम नव्हता. लोक सुधारतील, कौतुक करतील, एक दिवस आपल्याला मानतील, असे काही त्यांच्या मनात असल्याचे दिसत नाही. ते लोकांच्या पसंतीची वाट बघत नव्हते, म्हणूनच तिच्या अभावी थांबले नाहीत. याला सकारात्मक म्हणायचे असेल तर माझी हरकत नाही. पण त्यात आरसा कुठेही नाही.

आता आपल्याकडे येऊ. वाळीत टाकण्याची व्यवस्था पूर्ण गेली असे समजण्याचे कारण नाही. १९४९ साली मुंबई प्रांताने बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली रद्द केला. पुढे जातपंचायतींचे अत्याचार वरचेवर उघडकीस येऊ लागले तेव्हा महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा संमत केला आणि २०१७ पासून तो अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड, अशी त्यात तरतूद आहे. असा कायदा एकविसाव्या शतकात करावा लागला, यावरूनच काय ते समजावे. ज्या स्त्रीला किंवा जोडप्याला पंचायतीने बाहेर टाकले आहे, त्यांना सकारात्मक विचारांचे पुस्तक देणे हा क्रूर विनोद होईल. त्यांना वकील हवा, पोलीस हवेत, आणि उघडपणे त्यांच्या घरी जेवणारी चार माणसे हवीत.

परंतु आपल्यापैकी बहुतेकांचे भय या जातीचे नसते. पोशाख चुकला, इंग्रजी बोलताना अडखळलो, वर्गात बावळट प्रश्न विचारला, मुलाने अभियांत्रिकी सोडून तबला घेतला. इथे न्हावी बंद होत नाही की भटजी बंद होत नाहीत. शिक्षा देणारी यंत्रणा गेली, पण तिच्या धाकाने लागलेली मान खाली घालण्याची सवय राहिली. या दुसऱ्या भयाबाबत मात्र मानसशास्त्राजवळ सांगण्यासारखे आहे.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचे चित्र असलेला शर्ट घालायला लावायचे (त्या वयाच्या मुलांना तो शर्ट लाजिरवाणा वाटत असे) आणि मग इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवायचे. शर्ट किती जणांनी ओळखला असेल असे विचारल्यावर तो सांगे, निम्म्यांनी तरी. प्रत्यक्षात चौथा हिस्सा लोकांच्या ते ध्यानात आलेले असे. आपण स्वतःच्या आयुष्यात मध्यभागी उभे असतो, त्यामुळे इतरांच्या आयुष्यातही तिथेच असू असा आपला समज होतो. या प्रयोगात दिलासा आहे, आणि अहंकाराला एक बारीकसा टोलाही आहे.

अल्बर्ट एलिस यांची गोष्ट याहून जुनी. एकोणीस वर्षांचे असताना ते स्त्रियांशी बोलायला विलक्षण घाबरत. न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्स वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जायचे आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की तिच्याशी बोलायचे, असे त्यांनी ठरवले. शंभर जणींशी ते बोलले. एक भेटायला कबूल झाली, आणि ती आली नाही. परंतु आभाळ कोसळले नाही, हे त्यांना शंभर वेळा अनुभवाने कळले आणि भीती ओसरली. (त्या शंभर जणींना काय वाटले हे कोणी विचारलेले नाही. आज अशा प्रयोगाची शिफारस मी करणार नाही.) पुढे त्यांनी जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती उभी केली, ती आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवली. तिचे मर्म एका भेदात आहे. लोकांनी मला चांगले म्हणावे ही माझी इच्छा असायला काहीच हरकत नाही. लोकांनी मला चांगले म्हटलेच पाहिजे, हा हट्ट झाला की माणूस आजारी पडतो. लोकांना तुच्छ लेखा, असे ही पद्धत सांगत नाही. त्यांच्या मताला इच्छेच्या जागी बसवा, गरजेच्या जागी नको, एवढेच सांगते. कर्व्यांनी ‘उत्तेजक’ शब्द सोडला आणि काम सोडले नाही, त्यात मला हाच भेद दिसतो. त्यांनी तो कुठल्या पुस्तकातून घेतला नव्हता.

तरीही एक गोष्ट उरते. काही भये अशी असतात की ती एकट्याने घालवायची म्हटली तर जातच नाहीत, कारण ती एकट्याची नसतात. लग्नातला खर्च घ्या. कर्ज काढून हजार पाने वाढणाऱ्या बापाला एकांतात विचारावे, तर तो म्हणतो, मला हे मुळीच आवडत नाही, पण लोक काय म्हणतील. पंगतीत जेवणाऱ्या दुसऱ्या बापाला विचारावे, तर त्याचेही उत्तर तेच. प्रत्येक जण दुसऱ्याला घाबरतो आणि प्रत्येक जण दुसऱ्याचा ‘लोक’ असतो. अशा ठिकाणी एकाने मनाची कितीही मशागत केली तरी त्याचे पीक त्याच्यापुरते. कोणीतरी उठून हे मोठ्याने म्हणावे लागते, आणि ऐकणाऱ्यांनी माना डोलवाव्या लागतात.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे ही प्रथा गावात बंद करावी. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा असे सुचवले. मुरूडने १८९३ साली ठराव केला होता, तोही गावाचाच. हेरवाडच्या ठरावाने सगळे मिटले, असे म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. शतकानुशतकांची रीत एका सभेने जात नाही, आणि ठराव कागदावर ठेवून घरात जुनेच करणारी गावे निघतील हे उघड आहे. पण दहाव्या दिवशी एखादी सासू सुनेच्या हातातल्या बांगड्यांकडे बघत असेल आणि तिच्या मनात नेहमीचा प्रश्न येत असेल, तर त्या गावात त्याचे उत्तर आता लिहिलेले आहे, आणि ते लिहिताना सभेत ती स्वतः बसलेली असण्याचा पुष्कळ संभव आहे.